आत्याची 11 मिनिटं

एकूण रेकॉर्डिंग 5 तास 20 मिनिटं. चार वेळा बसलो, बदलापूरला आत्याच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दिवाणावर. त्यातली 11 मिनिटं आता माझ्याकडे नाहीत, आणि हे सगळं लिहायला घेतलंय ते त्या 11 मिनिटांमुळेच. त्यात काय होतं ते सांगणार नाहीये, आधीच क्लिअर करतो, नाहीतर शेवटपर्यंत वाचून लोक शिव्या घालतात.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही माहीत नाही. गाव पाटण तालुक्यातलं, लग्न होऊन आली ती लालबागच्या चाळीत 10 बाय 12 च्या खोलीत, मामा (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) गिरणीत साचेखात्यात. साचा म्हणजे माग, हे माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना सांगावं लागतं. आणि आत्या त्याच खोलीत खानावळ चालवायची, 22 मेंबर, सगळे गडी आमच्याच पट्ट्यातले, बायकापोरं गावाला, हे इथे एका गाळ्यात दहा-पंधरा जण पाळ्यापाळ्याने झोपणारे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून. आत्याच्या शेजारणीने घेतलं होतं कर्ज, आत्याने नाही घेतलं, "कागुद बघितला की माझ्या पोटात गोळा यायचा" म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला हे रेकॉर्ड करायचं खूळ का लागलं तर वडील गेले तेव्हा कळलं की त्यांच्या आवाजाचं आपल्याकडे काहीच नाही, लग्नाच्या व्हिडिओत एकदा "जेवण झालं का सगळ्यांचं" एवढंच. मग ठरवलं आत्याचं तरी करू. आणि नीट करू, फोन समोर ठेवून "हां बोल आत्या" असं नाही. कॉलरला लावायचा माईक आणला, वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ 24 बिट, मोनो, तासाला साधारण अर्धा जीबी. एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर. संमतीपत्र छापून नेलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, त्यावर पहिल्याच दिवशी आत्याचा अंगठा घेतला. तिने न वाचता, म्हणजे वाचून न घेता, अंगठा लावला आणि म्हणाली आता चहा घे. माझ्या डोक्यात संमतीचा विषय तिथे संपला. तयारी एकदम टॉप आहे असं मला वाटत होतं, पण एक सिटिंग पुरलं सगळी हवा जायला.

पहिल्या दिवशी मी थेट संपावर आलो. गिरणी, संप, दत्ता सामंत (संपाचे पुढारी, त्यांनाच सगळे डॉक्टर म्हणायचे), घ्या. आत्या बोलायला लागली तर काय, सगळं पेपरातलं. कामगार देशोधडीला लागला, डॉक्टर भला माणूस होता, पोरं वाईट मार्गाला लागली. खोटं काहीच नाही, पण हे तिचं नव्हतं, चाळीस वर्षं इतरांकडून ऐकून ऐकून तयार झालेलं भाषण होतं ते. टीव्हीवाले दर 1 मेला कोणातरी म्हाताऱ्याकडून हेच वदवून घेतात.

आणि त्यात मी एक मोठी चूक केली. आत्या म्हणाली, "संप दिवाळीला झाला. करंजीचं सारण केलेलं तसंच ऱ्हायलं परातीत." मी लगेच शहाणपणा केला, "नाही आत्या, 18 जानेवारी 1982." आत्या थांबली. रेकॉर्डिंगमध्ये तो क्षण ऐकू येतो, साधारण चार सेकंद फक्त बाहेरून भाजीवाल्याची आरोळी, आणि मग आत्या हळू आवाजात, "असंल बाबा, तू शिकलेला हायस." त्यानंतर त्या दिवशी तिने स्वतःहून एकही गोष्ट सांगितली नाही. मी विचारायचं, तिने हो-नाही म्हणायचं.

घरी येऊन मी नोट्समध्ये लिहिलं, "स्मृतीची चूक". आणि ते लिहितानाही मी स्वतःवर खूशच होतो कारण मला इटलीतल्या तेर्नी गावाचं प्रकरण माहीत होतं. तिथे 1949 च्या मार्चमध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने लुईजी त्रास्तुल्ली नावाचा 21 वर्षांचा पोलाद कामगार मेला, पण पुढे गावातल्या बऱ्याच कामगारांच्या आठवणीत तो मेला 1953 साली, पोलाद कारखान्यातून हजारो लोकांना काढलं तेव्हाच्या दंगलीत. त्यावर अभ्यासकांचं म्हणणं असं की ही चूक फेकून देऊ नका, लोकांना त्या मरणाचा अर्थ काय लागला ते ह्या चुकीतूनच दिसतं. मला वाटलं आपल्या आत्याचंही तसंच असणार, दिवाळी म्हणजे सण, सणात संकट, मनाने तारीख सरकवली, वगैरे वगैरे. काय भारी थिअरी.

दुसऱ्या सिटिंगला मी संप सोडून दिला. विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचीस?" आणि नळ सुटला! साडेतीनला उठायचं, नळाला नंबर लावायचा, पंपाचा स्टो, रॉकेल रेशनचं पुरायचं नाही म्हणून काळ्या बाजारातलं, पहिली पाळी सातला म्हणजे साडेसहाच्या आत 60-65 भाकऱ्या पाहिजेत, त्या झाल्या की रातपाळीवाले यायचे घरी, ते जेवणार आणि झोपणार, मग दुपारपाळीचे. भाकरी कशी थापायची ते तिने दिवाणावर थापून दाखवलं. रेकॉर्डिंगमध्ये ते नुसतं धप धप धप ऐकू येतं, मध्ये कधी बांगड्या. मी त्या वेळी तोंडाने म्हणायला हवं होतं की "आत्या हाताने भाकरी थापून दाखवतेय", म्हणजे पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला कळेल. नाही म्हटलं. ऐकणाऱ्याला वाटेल आत्या भाच्याला धोपटतेय. पहिल्या दिवशीचं बघता ते योग्यच होतं.

मग ती आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेतून वही काढून आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, किराणा दुकानात असते तशी, कोपरे उंदरांनी खाल्लेले. खानावळीचा हिशोब. आत्याला लिहिता येत नाही हे मला माहीत होतं म्हणून मी विचारलं हे कोणी लिहिलं, तर महिन्याचं नाव वर मुलीने लिहायचं (ती तेव्हा शाळेत), खालचं सगळं आत्याचं. मेंबरची नावं नाहीत. चित्रं आहेत. एकाच्या पुढे मृदंग, तो भजनात वाजवायचा. एकाच्या पुढे नुसत्या मिशा. एक चष्मा, एक टोपी, एक उलटी वाटी, म्हटलं ही काय तर "त्यो भात खाल्ला की वाटी पालथी घालायचा, पुरं म्हणून." प्रत्येक चित्रापुढे दिवसाला एक उभी रेघ, आणि खाडा असेल तर गोल. महिन्याच्या शेवटी रेघा मोजायच्या, पगाराच्या तारखेला पैसे. बँकेच्या कागदाला घाबरणारी बाई 22 लोकांचं खातं असं ठेवत होती, आणि मी तिच्याकडून अंगठा घेऊन आलो होतो.

त्या वहीतली पानं मी एकेक करून फोटो काढली, आत्या बोट ठेवून वाचत होती, रेकॉर्डर चालू होता. ऑक्टोबर 81 चं पान आलं. 22 पैकी सात जणांपुढे महिन्याच्या शेवटी रेघा बंद, नुसते गोल, गोल, गोल. बाकीच्यांच्या रेघा चालू, नोव्हेंबर, डिसेंबर, आणि जानेवारीच्या मध्यानंतर सगळेच विरळ. मी विचारलं हे सात कोण? "ह्ये मामांच्या गिरणीतलं. दिवाळीलाच बंद झाली न्हवं का. बोनससाठी."

बरोबर! 1981 च्या दिवाळीला बोनसवरून काही गिरण्या आधीच बंद पडल्या होत्या, तिथले कामगार डॉ. सामंतांकडे गेले आणि मग 18 जानेवारी 1982 पासून मुंबईभरचे साधारण अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुस्तकात संप म्हणजे तो जानेवारीचा, अधिकृतपणे कधी मागेही घेतला नाही असा. पण आत्याच्या घरातला संप दिवाळीलाच सुरू झाला होता. तारीख तिची बरोबर, "दुरुस्ती" माझी चुकीची, आणि वर त्यावर मी इटलीची थिअरी चढवलेली. तेर्नीचं प्रकरण खोटं नाही, पण आधी कागद शोधायचा आणि मग माणसाच्या आठवणीला चूक म्हणायचं, हा क्रम मी उलटा केला. नोट्समधलं ते "स्मृतीची चूक" मी खोडलं नाही, शेजारी लिहिलं "चूक माझी, वही पान 31". आत्याची माफी मागितली तर ती म्हणाली, "आसू दे. मलाबी वाटलं माझंच डोकं फिरलं."

वहीची शेवटची लिहिलेली पानं मार्च 82 ची. शिमग्याला बहुतेक गडी गावाला गेले ते गेले. आठ-नऊ जणांची बाकी तशीच. मृदंगवाल्याची सगळ्यात जास्त. मी विचारलं कोणी पुढे दिले का पैसे, तर म्हणाली एकाने बारा-पंधरा वर्षांनी दिले, वाटीवाल्याने, गावाहून तांदळाची गोणी घेऊन आला होता आणि आला तसा रडला. ही गोष्ट तिने अगदी साध्या आवाजात सांगितली, मध्येच कुकरची शिट्टी झाली ती पण आहे. नॉइज रिडक्शन मारून काढता आली असती, नाही काढली.

आता तिसरं सिटिंग. त्या दिवशी बायको बरोबर आली होती. तासाभराने दूध नासलं म्हणून मी खाली गेलो दूध आणायला, जाताना रेकॉर्डर बंद नाही केला कारण म्हटलं पाच मिनिटांत येतो, खाली ओळखीचा एकजण भेटला आणि वीस मिनिटं गेली. वर आलो तर दोघी गप्प बसलेल्या, बायकोचे डोळे लाल, आत्या पदराने तोंड पुसतेय. मी विचारलं काय झालं, दोघीही काही नाही म्हणाल्या.

घरी येताना ट्रेनमध्ये बायको म्हणाली, ऐकू नकोस ते लगेच. मी अर्थातच रात्री ऐकलं.

1937 साली अमेरिकेत, चार्ल्सटन गावात, शंभरी गाठलेल्या एका काळ्या बाईची मुलाखत दोनदा घेतली गेली होती, सरकारी योजनेत, गुलामगिरी भोगलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करण्याच्या. एकदा गोऱ्या बाईने घेतली, एकदा काळ्या माणसाने. गोरीला तिने सांगितलं मालक तसा चांगला होता. काळ्याला सांगितलं ते फटक्यांचं, विकल्या गेलेल्या माणसांचं, आयांच्या रडण्याचं. बाई तीच, गाव तेच. हे मी वाचलं होतं आणि मान डोलावली होती, हो हो, कोण विचारतंय त्यावर असतं. पण स्वतःच्या घरात ते कळायला दूध नासावं लागलं. मी भाचा, मामांचा लाडका, मला आत्या जे आयुष्यात सांगणार नव्हती ते तिने सूनबाईला सांगितलं, बाईला बाई म्हणून. आणि ऐकताना मला पहिली गोष्ट काय वाटली माहितीये? लाज वगैरे नाही. वाटलं, हेच खरं मटेरियल आहे. पाच तासांत हेच. अजूनही हे आठवलं की स्वतःचा राग येतो, पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला आत्याचा फोन. ती स्वतःहून फोन करतच नाही, नातवाला लावायला सांगितला असणार. "आरं, काल ती मशीन चालू व्हती का?" मी म्हटलं हो. "मी इसरले. माझ्या गळ्याला व्हतं तरी इसरले. ते काढून टाक बाळा."

माझ्याकडे तिचा अंगठा होता. संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं, सर्व रेकॉर्डिंग जतन करण्यास माझी हरकत नाही. कागदाने मी पूर्ण सेफ. फक्त तो अंगठा तिने जेव्हा लावला तेव्हा आपण काय सांगणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं, आणि त्या 11 मिनिटांत ती मशीनशी नव्हे, सुनेशी बोलत होती. सांगून झाल्याशिवाय माणसाला कळतच नाही आपण काय देऊन बसलो ते. संमती आधी घेतात ती बोलायला बसण्यापुरती, ठेवायचं की नाही ते ऐकवून झाल्यावरच विचारता येतं, आणि मी हे उलटं केलं होतं, तारखेसारखंच.

तरी मी घासाघीस केली, खोटं कशाला बोलू. पुढच्या रविवारी चौथ्या सिटिंगला गेलो तेव्हा आधी तिला हेडफोन लावून ती 11 मिनिटं ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत होती, दोन ठिकाणी मान हलवली. मग मी म्हटलं, आत्या, पुसायला नको, कुलूप लावू. तू आहेस तोवर कोणी ऐकणार नाही, तुझी मुलं आहेत तोवर नाही, मग पन्नास वर्षांनी कोणीतरी ऐकेल, त्याला कोणी ओळखीचं नसेल. सगळे असंच करतात.

आत्या म्हणाली, "कुलपाची किल्ली कुणाकडं?"

मी म्हटलं माझ्याकडे. "आन् तुझ्यामागं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तरी दिलं नसतं कारण मला बॉस्टन कॉलेजचं प्रकरण आठवत होतं. 2001 ते 2006 ह्या काळात त्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या बंदूकधाऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या, दोन्ही बाजूंच्या, वचन असं की तुम्ही जिवंत आहात तोवर बाहेर येणार नाहीत. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकन कोर्टाचे समन्स आले, आणि शेवटी काही टेप द्याव्याच लागल्या. तिथे एवढं मोठं कॉलेज, वकील, तिजोरी, आणि इथे मी, लॅपटॉपचा पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाची तारीख. आत्याचं प्रकरण काही पोलिसांचं नाही, कोणी कोर्टात जाणार नाही, पण भाऊबंदकीत लागणारी आग कोर्टापेक्षा कमी नसते.

बायको म्हणाली, तिचं आहे, तिला दे. एवढंच. तीन दिवस मी वाचलेलं सगळं आठवत बसलो होतो आणि हिने एका वाक्यात मिटवलं.

मग तसं केलं. 11 मिनिटांचा तुकडा वेगळा काढला, एका पेनड्राइव्हवर टाकला. लॅपटॉप, हार्डडिस्क, क्लाउड, तिन्हीकडच्या जुन्या फाइली पुसून कापलेली नवी टाकली, क्लाउडची कचराकुंडी वेगळी रिकामी केली (ती विसरू नका, आपण पुसलं म्हणतो आणि फाइल तिथे आरामात पडून असते), रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट करून त्यावर दोन तास उगाच पंख्याचा आवाज रेकॉर्ड केला, म्हणजे जुनं परत निघायला नको. टाईप केलेल्या कॉपीत त्या जागी एक ओळ आहे: "इथे 11 मिनिटं नाहीत. बोलणारीच्या इच्छेने काढून तिला दिली." जोड दिसू नये अशी कापाकापी नाही केली. भोक आहे तर भोक दिसू दे.

टाईप करण्याबद्दल एवढंच की आपोआप टाईप करणारं सॉफ्टवेअर मी वापरून बघितलं, त्याने सगळीकडे "खाडा" चा "खड्डा" केला आणि "साचेखात्यात" चं "सचिन खात्यात". मग हातानेच केलं, तासाभराच्या बोलण्याला सहा-सात तास लागले. "व्हतं", "न्हाय" तसंच ठेवलंय, आतेभावाला ते आवडलं नाही, म्हणतो आईला अडाणी दाखवलंस. आत्याला वाचून दाखवलं तर तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, एका ठिकाणी तिनेच दुरुस्ती केली, मी "काटवट" (पीठ मळायची लाकडी परात) ऐवजी "कढई" लिहिलं होतं.

नावाचं पण तिलाच विचारलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या त्यात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव असतं, मला ते फार आवडतं, एरवी "लोकगीत" म्हटलं की बाईचं नाव गायबच होतं. म्हणून मी म्हटलं आत्या नाव घालू का. आधी हो म्हणाली, मग दोन दिवसांनी नको म्हणाली. कारण सांगितलं नाही. म्हणून इथे नाव नाही, मामांच्या गिरणीचंही नाही. हे लिहू का विचारलं, तर म्हणाली, "ल्ही की. वहीचं ल्ही. मृदंगवाल्याचं ल्ही, कुणी त्येच्या गावचं वाचंल." तर मृदंगवाल्याच्या घरचं कोणी वाचत असेल तर बाकी माफ आहे, असं आत्यानेच सांगायला सांगितलंय.

पेनड्राइव्ह तिने वहीच्या मध्ये ठेवला, वही ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कनवटीला. मी म्हटलं ओलावा लागू देऊ नकोस, आणि खरं सांगायचं तर हे आठ-दहा वर्षांत खराब पण होऊ शकतं, मग त्यातलं कोणालाच ऐकू येणार नाही. "चालंल," म्हणाली. मग निघताना, मी चपला घालत होतो तेव्हा, तिने विचारलं ह्यात अजून जागा हाय का. मी म्हटलं भरपूर आहे, 32 जीबीचा आहे.

"मग पुढच्या बारीला येशील तवा त्यात हरिपाठ भरून आण. रिकामा कशाला ठिवायचा."